आवक-जावक

नोंदवही पोलिसांनी नेली, पावती दिली.
पावतीवर लिहिलं: हिरवा पुठ्ठा, पाने दोनशे.
एकशे सव्वीसाव्या पानावर माझ्या चहाचा डाग आहे,
ते नाही लिहिलं.

अकरा अर्ज होते गौरेश कोयंडेचे.
अकराही मीच घेतले, या खिडकीतून,
शिक्का मारला, क्रमांक टाकला
आणि वर पाठवले.
वर म्हणजे एकोणीस पायऱ्या.
कागद चढायचे. उतरलेला मी एकच पाहिला:
'संबंधित मार्गदर्शकांकडे, योग्य त्या कार्यवाहीस्तव.'
संबंधित मार्गदर्शक म्हणजे
ज्यांच्याविरुद्ध अर्ज होता, ते.

चार वर्षं तो ओहोटीच्या वेळा बघून जगला.
विजयदुर्गच्या खाडीत गुडघाभर चिखलात
सुतळीने आखलेल्या चौकोनातल्या तिसऱ्या मोजत,
लहान, मोठ्या, मेलेल्या.
हाताला कायम तो वास. अर्जालाही.
पाचव्या वर्षी त्याचे आकडे छापून आले
हेर्लेकर सरांच्या नावाने.
आभारात होता तो, शेवटून दुसरा,
आडनावातलं एक अक्षर गळून: कोंडे.

पहिल्या अर्जाखाली 'आपला नम्र' होतं.
सातव्याखाली 'आपला'.
अकराव्याखाली नुसती सही.
हे मला आत्ता दिसतंय.
तेव्हा मी वरचा उजवा कोपरा बघायची फक्त,
शिक्क्यापुरती जागा.

ठासणीची बंदूक, सतरा कलमांच्या परवान्यावरची.
त्याचा बाप चौकीच्या ओट्यावर
दिवसभर एकच वाक्य घेऊन बसला होता:
'माकडां धावडावक ठेवलली ती, साहेबांनू.'

दारू, चिंधी, छर्रे, पुन्हा चिंधी, वरून गज.
एका बाराला इतका वेळ लागतो
की माणसाचं मन दोनदा बदलावं.
त्याने घरूनच भरून आणली होती,
फाटक्या जाळ्यात गुंडाळून, माझ्या खिडकीसमोरून.
मी म्हटलं, अरे, सर आज रजेवर आहेत.
म्हटलं का?
म्हटलं असं मला वाटतं.
जबाबात मी सांगितलं, फोन वाजत होता.

सरांच्या खोलीला कुलूप.
पावलांचा आवाज आला म्हणून शेजारचं दार उघडलं
ते खदीजा मुकादमने. पहिलं वर्ष. हातात चाळणी.
शिंपल्यावरच्या रेघा मोजायला
तिला त्यानेच शिकवलं होतं:
दाट रेघा म्हणजे उपाशी महिने.

कुणी म्हणतात, चुकून सुटली.
मी नाही म्हणत.
तिच्या आईसमोर उभं राहून म्हणून बघा.

मी वर गेले तेव्हा तो जमिनीवर बसलेला,
खिशात दुसऱ्या बाराची दारू तशीच,
आणि सांडलेल्या तिसऱ्या एकेक उचलून
चाळणीत ठेवत होता.
मोजत होता का, मला विचारू नका.
मी त्याच्याकडे बघत नव्हते.

शोकसभेत हेर्लेकर सर बोलले.
चांगलं बोलले.
मध्येच चष्मा पुसला त्यांनी, तो खोटा नव्हता,
आणि हेच मला सहन होत नाही.
मग खुर्च्या गोळा झाल्या,
मंडपवाल्याचं बिल माझ्याकडे आलं, आवक झालं.

नवी नोंदवही निळ्या पुठ्ठ्याची आहे.
पुन्हा एकपासून.
आज सकाळी खदीजाची आई आली,
गिर्ये सड्यावरून दोन गाड्या बदलून.
कागद खिडकीतून आत सरकवला, बोलली नाही.
शिक्का उचलला होता मी. खाली ठेवला.
वाचला.
'माझ्या मुलीचे मूळ दाखले परत मिळावेत.'
एवढंच. खाली, आपली नम्र.

वरचा उजवा कोपरा
तिने कोरा सोडला होता.